डूलाची सोबत आणि गरोदरपणातील योगाभ्यास : होणाऱ्या आईबाबांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

पहिल्यांदा आईबाबा होणाऱ्यांना गरोदरपणात सल्ल्यांची कमतरता नसते. पण कळा सुरू झाल्यावर श्वास कसा घ्यायचा, कोणत्या स्थितीत बसायचे आणि शेजारी असलेल्या माणसाने नेमका कुठे हात ठेवायचा, हे बहुतेकांना कोणी करून दाखवलेले नसते. गरोदरपणातील योगाभ्यास आणि डूलाची सोबत या दोन गोष्टी ही उणीव भरून काढतात. अनेक जण त्यांचा विचार सुटा सुटा करतात, आणि माझ्या मते तिथेच त्यांचा निम्मा उपयोग वाया जातो. योगवर्गात शरीराला जी सवय लागते, तीच सवय कळांच्या ऐन भरात आठवून देण्याचे काम डूला करते; आणि जी सवय आधी लागलेलीच नाही, ती प्रसूतीच्या खोलीत नव्याने शिकणे फार अवघड जाते. म्हणून दोन्हींची तयारी एकत्र, आणि शक्य असेल तर जोडीदाराला बरोबर घेऊन करावी. पुढचे टप्पे त्याच हेतूने, साधारण ज्या क्रमाने ते गरोदरपणात येतात त्या क्रमाने दिले आहेत.

डूला कोण असते आणि कोण नसते

डूला ही प्रसूतीच्या आधी, प्रसूती चालू असताना आणि नंतरच्या काही दिवसांत आईला व तिच्या जोडीदाराला आधार देणारी प्रशिक्षित व्यक्ती असते. ती डॉक्टर नसते, परिचारिका नसते आणि सुईणही नसते. ती आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, औषध देत नाही किंवा बदलत नाही, आणि तुमच्या वतीने कोणताही निर्णय घेत नाही. तिचे काम म्हणजे आईजवळ थांबणे, तिला धीर देणे, कमरेला दाब देणे, स्थिती बदलायला मदत करणे, डॉक्टर जे सांगत आहेत ते समजले का याची खात्री करून घेणे आणि मनातला प्रश्न विचारायला आईला बळ देणे. रुग्णालयातील परिचारिका आणि डॉक्टर एकाच वेळी अनेक जणींकडे पाहत असतात आणि त्यांच्या पाळ्याही बदलतात. डूला मात्र बोलावल्यापासून बाळ जन्मून स्थिरस्थावर होईपर्यंत एकाच आईपाशी असते.

या सातत्याचा परिणाम मोजण्याचे काम मार्शल क्लॉस आणि जॉन केनेल या बालरोगतज्ज्ञांनी ग्वाटेमालामध्ये सुरू केले. तिथल्या पहिलटकरणींजवळ प्रसूतीच्या काळात एखादी सोबतीण सतत थांबली, तर प्रसूतीला लागणारा वेळ कमी होतो, असे १९८० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसले. पुढे १९९२ साली याच दोघांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने डूलांना प्रशिक्षण देणारी डोना ही संस्था उभी राहिली. २०१७ मध्ये कोक्रेन या, वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या समूहाने १७ देशांतील २६ चाचण्यांचा, म्हणजे १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या प्रसूतींचा, एकत्रित आढावा घेतला. ज्यांना अखंड आधार मिळाला त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण जास्त, सिझेरियनचे प्रमाण कमी, प्रसूतीचा काळ सरासरीने सुमारे ४० मिनिटांनी कमी, आणि प्रसूतीच्या अनुभवाबद्दल वाईट वाटण्याचे प्रमाणही कमी आढळले. या चाचण्यांमध्ये आधार देणाऱ्या व्यक्ती सगळ्या डूला नव्हत्या; काही रुग्णालयाच्या कर्मचारी होत्या, तर काही आईच्या ओळखीच्या किंवा नात्यातल्या होत्या. त्यामुळे काही कारणाने डूला मिळाली नाही, तरी विश्वासाच्या एका माणसाला नीट तयार करणे हा तितकाच गांभीर्याने घेण्याजोगा मार्ग आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला प्रसूतीदरम्यान तिच्या पसंतीची सोबत मिळावी, अशी शिफारस केली आहे.

पहिला टप्पा : डॉक्टरांचा होकार

योगाभ्यास सुरू करण्याआधी, ज्यांच्या देखरेखीखाली तुमची प्रसूती होणार आहे त्या डॉक्टरांना थेट विचारा, की माझ्या बाबतीत व्यायामावर काही बंधन आहे का, आणि असल्यास कोणत्या हालचालींवर. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या तोंडावर असणे, गर्भाशयमुख वेळेआधी उघडण्याचा धोका असणे किंवा त्याला टाका घातलेला असणे, मुदतीपूर्वी कळा येऊन गेलेल्या असणे, पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, फुटलेली असणे, वारंवार रक्तस्राव होणे, गरोदरपणामुळे रक्तदाब वाढलेला असणे, तीव्र रक्तक्षय असणे आणि हृदयाचे किंवा फुप्फुसांचे काही विकार असणे, या परिस्थितींत नेहमीचा व्यायाम बंद ठेवावा लागतो किंवा बराच बदलावा लागतो. जुळी मुले असतील, तर स्वतंत्र सल्ला घ्यावा. सुरुवातीला मिळालेला होकार शेवटपर्यंत लागू राहील असे धरून चालू नका. प्रत्येक सोनोग्राफीनंतर आणि रक्तदाबात बदल झाल्यास तो पुन्हा विचारून घ्या.

गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणात आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०२० च्या सूचनांत सांगते. मध्यम म्हणजे ज्यात तुम्हाला बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागणारी. सावकाश केलेला योगाभ्यास बहुधा याहून हलका असतो, त्यामुळे त्याला चालण्याची जोड द्यावी. पहिल्या तीन महिन्यांत हलका व्यायाम केल्याने गर्भपात होतो, या समजुतीला निरोगी गरोदरपणाच्या बाबतीत आधार नाही. त्या काळात मळमळ आणि थकवा असतो म्हणून अनेक जणी चौथ्या महिन्यापासून वर्गाला जाऊ लागतात, आणि तेही योग्यच आहे.

दुसरा टप्पा : वर्ग आणि शिक्षक

सर्वांसाठी असलेल्या योगवर्गात एका कोपऱ्यात बसून जमेल ते करण्यापेक्षा गरोदर स्त्रियांसाठी वेगळा चालणारा वर्ग निवडावा. शिक्षकांनी गरोदरपणातील योगाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतले आहे का, आणि पहिल्या दिवशी त्यांनी तुमचा आठवडा, तुमच्या तक्रारी व डॉक्टरांचा सल्ला विचारला का, एवढ्या दोन गोष्टींवरून बरेच कळते. तापवलेल्या खोलीत घेतला जाणारा योगवर्ग पूर्णपणे टाळावा, कारण शरीराचे तापमान फार वाढणे बाळासाठी सुरक्षित नाही.

तिसरा टप्पा : रोजचा सराव

सुरुवात श्वासापासून करावी. भिंतीला पाठ टेकून, नितंबांखाली उशी किंवा घडी केलेली चादर घेऊन बसा. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या आणि सहा अंक मोजत सोडा. सोडलेला श्वास घेतलेल्या श्वासापेक्षा लांब असला की शरीर सैलावते, आणि कळांच्या वेळी हाच एक नियम लक्षात राहिला तरी पुरतो. अनुलोम-विलोम करताना आणि भ्रामरी करताना श्वास मध्येच रोखू नका. कुंभक, कपालभाती आणि भस्त्रिका हे प्रकार गरोदरपणात बाजूला ठेवावेत.

त्यानंतर मार्जारासन. तळवे खांद्यांच्या बरोबर खाली आणि गुडघे नितंबांच्या खाली ठेवा. गुडघे दुखत असतील तर त्यांच्याखाली मऊ घडी घ्या. श्वास सोडताना पाठ हळूहळू वर गोल करा आणि श्वास घेताना ती पुन्हा सपाट करा. नेहमीच्या मार्जारासनात पाठीला जसा खाली बाक देतात, तसा गरोदरपणात देऊ नये, कारण पोटाचे वजन आधीच कमरेला पुढे ओढत असते. चार पायांवरच्या या स्थितीत पाठीच्या कण्यावरचा भार उतरतो आणि दिवसभर अवघडलेली कंबर मोकळी होते. शेवटच्या महिन्यांत रोज असे केल्याने बाळ योग्य दिशेला वळते, असे अनेकदा सांगितले जाते. ते सिद्ध झालेले नाही, पण पाठदुखीला उतार पडतो एवढे कारण हे आसन रोज करायला पुरेसे आहे.

त्याच जागेवरून गुडघे रुंद करून, छातीखाली उशी घेऊन बालासनात विसावा. मग उभे राहून ताडासन, आणि वीरभद्रासन करायचे तर खुर्चीचा किंवा भिंतीचा आधार घेऊनच. पोट वाढते तसा शरीराचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि तोल जाण्याची शक्यता वाढते, म्हणून एका पायावर उभे राहण्याची आसने शेवटच्या तिमाहीत आधाराशिवाय करू नयेत. ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यात, म्हणजे जांघांच्या मधोमध, चालताना किंवा कुशीवर वळताना दुखत असेल, तर पाय फार फाकवायला लावणारी आसनेही थांबवावीत आणि ते शिक्षकांना सांगावे. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैलावतात, त्यामुळे पूर्वी जितके वाकता येत होते त्याहून जास्त वाकता येऊ लागते. तो मोह आवरावा; ताण आपल्या नेहमीच्या मर्यादेच्या अलीकडेच थांबवावा.

बद्धकोणासन भिंतीला टेकून करता येते आणि ते बहुतेकींना सोसते. मलासन, म्हणजे उकिडवे बसणे, टाचांखाली आधार घेऊन किंवा ठोकळ्यावर बसून करावे. पण वार खाली असेल, गर्भाशयमुख आखूड असल्याचे सांगितले गेले असेल, मूळव्याधीचा त्रास असेल किंवा शेवटच्या आठवड्यांत बाळ पायाळू असेल, तर ते टाळावे. पोटावर झोपून करायची भुजंगासन, शलभासन व धनुरासन ही आसने, पोट दाबून पिळणारे अर्धमत्स्येंद्रासन, नौकासनासारखी पोटाच्या मधल्या स्नायूंवर जोर देणारी आसने आणि नव्याने शिकलेली शीर्षासन व सर्वांगासन यांसारखी आसने यादीतून वगळावीत. विसाव्या आठवड्यानंतर उताणे फार वेळ पडून राहू नये. गर्भाशयाच्या वजनाने पाठीमागची मोठी नीला दाबली जाते, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि आईला गरगरू लागते. म्हणून शवासन डाव्या कुशीवर, दोन्ही गुडघ्यांमध्ये आणि पोटाखाली उशी घेऊन करावे. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रात्री झोपतानाही कुशीवरच झोपायला सुरुवात करावी. मध्येच जाग आल्यावर आपण उताणे आहोत असे लक्षात आले, तर घाबरून न जाता फक्त पुन्हा कुशीवर वळावे.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम रोज तीन वेळा, प्रत्येक वेळी किमान आठ आकुंचने, असा करावा. लघवी आणि वायू एकाच वेळी रोखून धरल्यासारखे आत ओढायचे, काही सेकंद धरायचे आणि मग पूर्ण सैल सोडायचे. यात सैल सोडण्याचा भाग बहुतेक जणी घाईत उरकतात. बाळ बाहेर येताना मात्र हेच स्नायू सैल सोडावे लागतात, म्हणून जितका वेळ आकुंचन, निदान तितकाच वेळ शैथिल्य द्यावे.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३५ ते ३७ आठवड्यांच्या २५ निरोगी गर्भवतींनी २६ आसने केली आणि त्या वेळी आईच्या व बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवण्यात आले. बाळावर कोणताही अनिष्ट परिणाम दिसला नाही. अभ्यास छोटा होता आणि तो देखरेखीखाली झाला होता, हे ध्यानात ठेवूनही निरोगी गरोदर स्त्रीने सौम्य आसनांना घाबरण्याचे कारण नाही, असे मला खात्रीने वाटते.

सराव करताना योनिमार्गातून रक्त किंवा पाणी गेले, नियमित व दुखऱ्या कळा सुरू झाल्या, श्रम करण्याआधीच धाप लागली, छातीत दुखले, चक्कर आली, डोके जोरात दुखू लागले, स्नायूंत अशक्तपणा येऊन तोल जाऊ लागला किंवा एका पोटरीत दुखून सूज आली, तर आसन तिथेच सोडा आणि डॉक्टरांना कळवा. वर्ग पूर्ण करून मग बघू, असे या बाबतीत करू नये.

चौथा टप्पा : डूलाची निवड

विसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या दरम्यान शोध सुरू केला, तर निवांतपणे दोघी-तिघींना भेटता येते. त्याही आधी रुग्णालयाला विचारून घ्या, की प्रसूतीच्या खोलीत किती माणसांना परवानगी आहे, जोडीदार आणि डूला दोघेही थांबू शकतात का, आणि सिझेरियन झाल्यास शस्त्रक्रियेच्या खोलीत कोण येऊ शकते. हे आधी न विचारल्यामुळे ऐन वेळी डूलाला दाराबाहेर थांबावे लागते, आणि मग सगळी तयारी अर्धवट राहते.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न साधे असतात. प्रशिक्षण कुठून घेतले, आजवर कोणत्या प्रकारच्या प्रसूतींना सोबत केली, अडतिसाव्या आठवड्यापासून बेचाळिसाव्यापर्यंत फोनवर उपलब्ध असाल का, त्या काळात दुसरी प्रसूती आली किंवा तुम्ही आजारी पडलात तर बदली कोण येईल, प्रसूतीआधी व नंतर किती भेटी असतील, आणि हे सगळे लेखी मिळेल का. बदलीच्या डूलाशीही निदान एकदा बोलून घ्यावे. तिच्या उत्तरांइतकेच तिचे ऐकणे पाहा. भेटीच्या तासाभरात ती तुमच्याविषयी किती विचारते आणि जोडीदाराला बोलण्यात सामील करून घेते का, यावर निवड ठरवायला माझी हरकत नसेल.

नैसर्गिक प्रसूतीची हमी देणारी, एपिड्युरल (कळांची वेदना कमी करण्यासाठी पाठीत दिले जाणारे बधिरीकरण) घेणे म्हणजे हार मानणे असे सुचवणारी, डॉक्टरांनी दिलेले औषध घेऊ नका असे सांगणारी किंवा तुमच्या वतीने डॉक्टरांशी वाद घालण्याची तयारी दाखवणारी डूला निवडू नका, मग तिचा अनुभव कितीही असो. चांगली डूला तुम्हाला काय वाटते ते विचारते आणि त्याप्रमाणे आधार देते. प्रसूती कशी व्हावी याबद्दलचे स्वतःचे मत ती तुमच्यावर लादत नाही.

पाचवा टप्पा : जोडीदाराची तयारी

डूला आली की आपले काम संपले, अशी भीती काही जोडीदारांना वाटते. प्रत्यक्षात अनुभवी माणूस शेजारी असल्यामुळे जोडीदाराला धास्ती न घेता आईजवळ राहता येते, मध्ये तासभर झोप काढता येते, आणि आपण काही चुकीचे तर करत नाही ना, ही चिंता उरत नाही. पण त्यासाठी चौतिसाव्या आठवड्यानंतर डूलाबरोबर निदान दोन भेटी अशा व्हाव्यात, ज्यांत फक्त बोलणे न होता प्रत्यक्ष सराव होईल.

कमरेला दाब देण्याची रीत अशी आहे. आईने खुर्चीवर उलटे, पाठीच्या टेकणीकडे तोंड करून बसावे आणि टेकणीवर उशी ठेवून त्यावर हात व डोके विसावावे. जोडीदाराने मागे गुडघ्यांवर बसून एका तळहाताचे मूळ आईच्या माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडावर ठेवावे आणि दुसरा हात तिच्या कमरेच्या पुढच्या हाडाला आधार म्हणून लावावा. कोपर सरळ ठेवून स्वतःच्या शरीराचा भार हळूहळू त्या तळहातावर द्यावा. केवळ मनगटाच्या जोरावर दाबले तर दहा मिनिटांत हात भरून येतो. मग आईला विचारावे : आणखी वर की खाली, जास्त की कमी? ती सांगेल ती जागा आणि तो जोर लक्षात ठेवावा. पाठीत भरणाऱ्या कळांना या दाबाने बराच आराम मिळतो. दुसरा प्रकार म्हणजे दोन्ही तळवे नितंबांच्या मांसल बाजूंवर ठेवून, कळ चालू असेपर्यंत आत आणि किंचित वर दाबून धरणे.

श्वासाचा सराव खराखुरा व्हावा म्हणून बर्फाचा एक तुकडा घ्या. आईने तो मुठीत धरावा आणि जोडीदाराने घड्याळावर ६० सेकंद मोजावेत. ही साधारण एका भरातल्या कळेची लांबी आहे. पहिल्या वेळी बहुतेक जणींचा श्वास अडकतो, खांदे कानांकडे चढतात आणि दुसऱ्या हाताची मूठही आपोआप आवळली जाते. जोडीदाराने काही न बोलता खांद्यावर हात ठेवून स्वतः लांब, ऐकू येईल असा श्वास सोडावा, म्हणजे आईचा श्वासही त्या लयीत येतो. दोन मिनिटे विश्रांती घेऊन हात बदला आणि पुन्हा करा. बर्फाची वेदना कळांसारखी नसते, हे उघड आहे; पण अस्वस्थतेत श्वास कुठे अडकतो आणि कोणत्या स्पर्शाने तो सुटतो, हे दोघांनाही या सरावातून कळते. दोन-तीन आठवडे एक दिवसाआड हा सराव करावा.

याच भेटींत प्रसूतीबद्दलच्या आपल्या इच्छा एका पानावर लिहून काढा. हालचालीचे स्वातंत्र्य, वेदनाशमनाबद्दलचे मत, बाळ जन्मल्यावर त्वचेला त्वचा लावून छातीवर ठेवणे, सिझेरियन करावे लागल्यास काय हवे, एवढे पुरे. पान एकच असावे, म्हणजे पाळीवर आलेली परिचारिका ते खरोखर वाचेल. ते डॉक्टरांना छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास दाखवा आणि कोणती गोष्ट त्यांच्याकडे शक्य नाही ते तेव्हाच ऐकून घ्या.

सहावा टप्पा : कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरणीच्या बाबतीत सुरुवातीच्या अनियमित कळांचा काळ बराच लांबू शकतो. गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतच्या या काळाला ठरावीक मुदत नसते. या वेळी उत्साहाने जागत बसणे टाळा. रात्र असेल तर झोपा, दिवस असेल तर हलके खा, पाणी प्या, चाला, कोमट पाण्याने अंघोळ करा. डूलाला फोन करून कळवा. ती लगेच येईलच असे नाही, पण तुमच्या बोलण्यातल्या थांब्यांवरून तिला बराच अंदाज येतो. सर्वसाधारण नियम असा, की पाच मिनिटांच्या अंतराने, प्रत्येकी सुमारे एक मिनिट टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या, की रुग्णालयात जावे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, किंवा रुग्णालय लांब असेल, तर त्यांचे ऐकावे.

मात्र पाणमोट फुटून हिरवट किंवा रक्ताळ पाणी गेले, ताजे रक्त वाहिले, बाळाची हालचाल कमी झाली, डोके असह्य दुखून डोळ्यांसमोर अंधारी आली, किंवा सदतीस आठवड्यांआधी कळा सुरू झाल्या, तर कळांचे अंतर मोजत बसू नये. डूलाची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

पाच सेंटिमीटरनंतरचा काळ पहिल्या प्रसूतीत साधारणपणे बारा तासांच्या आत पार पडतो. योगवर्गात केलेल्या गोष्टी इथे कामाला येतात : भिंतीला हात टेकून कंबर डोलवणे, मोठ्या चेंडूवर बसून गोलाकार हलणे, पाठीत कळा भरत असतील तर मार्जारासनाच्या स्थितीत जाणे, थकल्यावर कुशीवर पडणे. चेंडूवर बसताना गुडघे नितंबांपेक्षा किंचित खाली राहतील, एवढी त्याची उंची असावी. सुमारे अर्ध्या तासाने स्थिती बदलायची आठवण डूला करते, तासा-दोन तासांनी लघवीला पाठवते, प्रत्येक कळेनंतर पाण्याचा घोट पुढे करते. दोन कळांमधली विश्रांती कळेइतकीच महत्त्वाची असते. कळ ओसरल्यावर कपाळ, जबडा आणि तळवे सैल सोडण्याची सवय वर्गातच लावून घेतलेली असावी.

डॉक्टरांनी एखादा उपाय सुचवला आणि घाई नसेल, तर शांतपणे विचारावे : याचा फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय आहे का, आणि तासभर थांबलो तर काय होईल? डूला हे प्रश्न आठवून देऊ शकते, पण विचारायचे तुम्ही आणि ठरवायचेही तुम्ही. तातडीची वेळ आली तर डॉक्टर तसे सांगतात, आणि मग प्रश्न नंतरसाठी ठेवावेत.

बेत बदलला तर

एपिड्युरल घेतले म्हणून डूलाचे काम संपत नाही. आईला स्वतःहून वळता येत नसते, तेव्हा दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवून दर अर्ध्या-पाऊण तासाने परिचारिकेच्या परवानगीने कूस बदलून देणे, झोप लागावी म्हणून खोलीत शांतता राखणे आणि जोर द्यायची वेळ आली की श्वासाची लय धरून देणे, हे सगळे ती करते. सिझेरियन ठरले तर शस्त्रक्रियेआधीच्या भीतीच्या मिनिटांत सोडलेला लांब श्वास तितकाच उपयोगी पडतो. जोडीदार बाळाबरोबर गेला, तर परवानगी असल्यास डूला आईजवळ थांबू शकते. ही गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. सिझेरियन झाले म्हणजे सराव फुकट गेला, असे मानणाऱ्या आयांना मी मनापासून सांगू इच्छिते, की तुम्ही श्वासावर, शरीराच्या ठेवणीवर आणि एकमेकांवर जी मेहनत घेतली, ती शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा उठून बसतानाही तुमच्या हाताशी असते.

सातवा टप्पा : बाळ आल्यानंतर

आई आणि बाळ दोघेही ठीक असतील, तर पहिला तास बाळाला उघड्या छातीवर ठेवून त्याच तासात स्तनपान सुरू करावे. डूला साधारणपणे तेवढा वेळ थांबते आणि पुढच्या काही दिवसांत घरी भेट देते. त्या भेटीत प्रसूतीचा क्रम पुन्हा एकदा तिच्याकडून ऐकून घ्यावा, कारण वेदनेच्या भरात अनेक गोष्टी निसटलेल्या असतात. न समजलेल्या वैद्यकीय गोष्टी लिहून ठेवून डॉक्टरांना विचाराव्यात. एका तासात पॅड पूर्ण भिजेल इतके रक्त जाणे, ताप येणे, टाक्यांतून स्राव येणे, पोटरी दुखून सुजणे किंवा तीव्र डोकेदुखी या तक्रारी डूलाशी बोलण्याच्या नाहीत. त्यांसाठी लगेच रुग्णालयात जावे.

पहिल्या काही दिवसांत अकारण रडू येणे सर्रास आढळते आणि ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी टिकली, बाळाकडे पाहून काहीच वाटेनासे झाले, झोपायला मिळूनही झोप लागेना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर ते प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे लक्षण असू शकते. १९८७ साली तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली यासाठी जगभर वापरली जाते. ती डॉक्टरांकडे भरून घेण्याचा आग्रह जोडीदाराने धरावा. इजेचे विचार आले असतील, तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि आईला एकटे ठेवू नये.

योगाभ्यासाकडे परतताना सुरुवात पुन्हा श्वासापासून करावी. साध्या प्रसूतीनंतर काही दिवसांतच, दुखत नसेल तर, लांब श्वसन आणि ओटीपोटाच्या तळाचे हलके आकुंचन करता येते. आसने मात्र सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, आणि सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांनी सांगितल्यावरच सुरू करावीत. त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या. पाठीवर झोपून गुडघे उभे करा, डोके किंचित उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटांनी चाचपा. मधल्या फटीत दोनपेक्षा जास्त बोटे आडवी मावत असतील किंवा डोके उचलताना पोटाच्या मध्यावर उंचवटा येत असेल, तर पोटाचे स्नायू अजून एकत्र आलेले नाहीत. अशा वेळी नौकासन आणि उठाबशांसारखे पोटावर जोर देणारे व्यायाम बाजूला ठेवून श्वास सोडताना पोट हळुवार आत घेण्याचा सराव करावा, आणि काही आठवड्यांनंतरही फट तशीच राहिली तर फिजिओथेरपिस्टकडे जावे.